बाशोची सोबत

जपानच्या पश्चिम किनाऱ्यापासून थोडं आत, इशिकावा प्रांतातल्या डोंगरांत यामानाका नावाचं गाव आहे. नावाचा अर्थच मुळी ‘डोंगरांमधलं’. गावाच्या मध्यावर उन्हाळ्याच्या पाण्याचं, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या ऊन पाण्याचं, सार्वजनिक स्नानगृह आहे. त्याला ‘किकु नो यू’ म्हणतात. किकु म्हणजे शेवंती. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी इथं आलेल्या एका कवीनं या पाण्याचं कौतुक करताना शेवंतीची आठवण काढली, आणि ते नाव पाण्याला कायमचं चिकटलं.

मागच्या वर्षी ऑक्टोबरात मी त्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसले होते. वज्रेश्वरीच्या कुंडांत साडी नेसून उतरणाऱ्या बायका पाहत वाढलेल्या माझ्यासारखीला जपानी स्नानगृहाची रीत पचवायला वेळ लागतो. बाहेर स्वच्छ अंघोळ करायची, साबणाचा कणही अंगावर ठेवायचा नाही, आणि मग अंगावर सूतभरही कपडा न ठेवता पाण्यात शिरायचं. कुणी कुणाकडे पाहत नाही, हे कळायला पहिले दोन दिवस जातात. शेजारच्या एका आजीबाईंनी सरकून मला जागा दिली आणि एक बोट वर करून, एकटीच का, असं विचारलं. मी मान हलवली. ती मान हलवताना घशाशी काहीतरी आलं.

कारण मी एकटी निघालेच नव्हते. माझ्याबरोबर ताई होती, माझी थोरली बहीण. आम्ही दोघी गेली वीस वर्षं एकत्र हिंडतो आहोत. या प्रवासाची आखणी तिचीच होती. बाशो ज्या वाटेनं गेला, त्या वाटेवरची ऊन पाण्याची गावं पाहायची. पण कानाझावाला पोचेपर्यंत तिचा गुडघा इतका सुजला की जिना चढवेना. ती तोक्योला लेकीकडे परत गेली. स्टेशनवर मी तोंडानं काळजी घे म्हटलं, पण मनातून चिडले होते. वर्षभर आखलेला बेत मोडल्याचा राग होता तो. तो राग घेऊनच मी यामानाकाला आले. आणि याच गावात बाशोची सोबतही सुटली होती, हे इथं येईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मात्सुओ बाशो आपल्याला हायकूचा कवी म्हणून माहीत आहे. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, त्यामुळे हे नाव अनेक घरांत पोचलं. आपल्या मनातलं त्याचं चित्रही ठरलेलं असतं. डोक्यावर वेताची टोपी, हातात काठी, आणि मागेपुढे कुणी नाही. जगापासून तुटलेला एकटा विरक्त. पण त्याचं आयुष्य नीट पाहिलं तर हा माणूस माणसांवाचून एक पाऊलही चालला नाही.

त्याचा जन्म १६४४ साली इगा प्रांतातल्या उएनो गावी झाला. घराणं सामुराई, पण अगदी खालच्या पायरीचं. कोवळ्या वयातच तो तिथल्या सरदार घराण्यातल्या तोदो योशितादा या तरुणाच्या चाकरीला राहिला. योशितादा त्याच्याहून दोनेक वर्षांनी मोठा. त्यालाही कवितेचा नाद होता आणि सेनगिन या नावानं तो लिहीत असे. त्यामुळे धनी आणि चाकर हे नातं कमी आणि दोस्ती जास्त. १६६६ साली पंचविशीच्या आसपास योशितादा वारला आणि बाशोच्या पायाखालची जमीन सरकली. पुढे काही वर्षांनी, १६७२च्या सुमारास, त्यानं गाव सोडलं आणि एदो गाठलं. एदो म्हणजे आजचं तोक्यो. तिथं पोटासाठी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामावर त्यानं नोकरी केली, कविता शिकवल्या, शिष्य जोडले.

१६८० साली तो शहराच्या गजबजाटातून निघून सुमिदा नदीपलीकडे फुकागावा इथं एका झोपडीत राहायला गेला. एका शिष्यानं अंगणात लावायला केळीचं रोप आणून दिलं. आपल्याकडे केळ दारात असली की शुभ, आणि घडाचा नैवेद्य. एदोच्या हवेत केळीला धड फळ धरत नाही आणि वाऱ्यानं पानांच्या चिंध्या होतात. कवीला नेमकं तेच आवडलं. केळीला जपानीत बाशो म्हणतात. झोपडीला लोक बाशोची झोपडी म्हणू लागले आणि झोपडीचं नाव माणसाला लागलं.

मग दोन घाव लागोपाठ बसले. एदोतल्या मोठ्या आगीत झोपडी जळाली, आणि १६८३ साली गावाकडे आई वारली. पुढच्या वर्षी तो पायी गावी गेला, तेव्हा भावानं आईच्या पांढऱ्या केसांची बट त्याच्या हातावर ठेवली. शिष्यांनी वर्गणी काढून नवी झोपडी बांधून दिली होती, पण पायाला लागलेली वाट काही सुटली नाही.

१६८९च्या मे महिन्यात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो सर्वांत मोठ्या प्रवासाला निघाला. पोटाचं जुनं दुखणं होतंच. परत येऊ याची खात्री नव्हती, म्हणून त्यानं झोपडी दुसऱ्याला देऊन टाकली. बरोबर होता कावाई सोरा, त्याच्याहून पाच वर्षांनी लहान शिष्य आणि शेजारी. निघण्याआधी सोरानं डोकं भादरलं आणि काळी वस्त्रं घातली. वाटेतल्या जागांची माहिती आधी गोळा करायची आणि रोजची तारीख, हवा, मुक्काम टिपून ठेवायचा, ही कामं त्याचीच. आमच्यात ही कामं ताई करते.

त्यांची पहिली ऊन पाण्याची जागा नासु. तिथल्या डोंगरउतारावर गंधकाचा वास सुटतो आणि जमिनीतून विषारी वायू येतो. तिथं एक खडक आहे, त्याला लोक ‘जीव घेणारा दगड’ म्हणतात. बाशो गेला तेव्हा त्याच्याभोवती मधमाश्या आणि फुलपाखरं इतकी मरून पडली होती की खालची वाळू दिसत नव्हती. तो खडक २०२२च्या मार्चमध्ये दुभंगला. आम्ही गेलो तेव्हा ताई कठड्याला धरून बराच वेळ त्या दोन तुकड्यांकडे पाहत उभी होती.

तिथून उत्तरेला आजच्या फुकुशिमा शहराजवळ इइझाका आहे. पाण्यात शेक घेऊन बरं वाटेल या आशेनं बाशो तिथं उतरला, पण रात्र वैऱ्याची निघाली. झोपायला मातीच्या जमिनीवर अंथरलेली चटई, दिवा नाही, चुलीच्या उजेडात कशीबशी जागा करायची. वर वीज कडाडत होती, छपरातून पाणी गळत होतं, पिसवा आणि डास चावत होते. त्यातच पोटाचं दुखणं उसळलं आणि तो बेशुद्ध व्हायच्या बेताला आला. सकाळी घोडा भाड्यानं घेऊन दोघं पुढे निघाले. आता तिथं आगगाडी जाते आणि लाकडी स्नानगृहापाशी बाशोची आठवण सांगणारा शिलालेख आहे. पाणी असं कढत की पाय टाकवेना. ताईनं दात आवळून पाच मिनिटं काढली, मी दोन.

पुढे नारुकोच्या खोऱ्यातून डोंगर ओलांडताना नाक्यावरच्या पहारेकऱ्यांना या दोघांचा संशय आला. त्या वाटेनं फारसं कुणी जातच नसे. कसेबसे सुटून ते सीमेवरच्या एका रखवालदाराच्या घरी पोचले आणि वादळामुळे तिथंच अडकले. ते घर साकाइदा इथं अजून उभं आहे. गवताचं जाड छप्पर, एकाच छपराखाली एका अंगाला माणसं आणि दुसऱ्या अंगाला घोडे. आत उभं राहिलं की धुराचा वास येतो. आपल्या कोकणातल्या घराला गोठा खेटून असतो, तशातलाच हा प्रकार. वादळ सरल्यावर पुढची खिंड पार करायला एक दणकट तरुण वाटाड्या कमरेला हत्यार लावून पुढे चालला आणि पलीकडे सुखरूप पोचवल्यावरच परतला. त्याचं नाव बाशोनं लिहिलेलं नाही, पण तो मुलगा त्याच्या पुस्तकात कायमचा राहिला.

उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर, बर्फ तुडवत, ते १९८४ मीटर उंचीच्या गास्सान पर्वतावर चढले आणि पलीकडे युदोनोच्या दरीत उतरले. युदोनोला देऊळ नाही, मूर्तीही नाही. तांबूस रंगाचा एक प्रचंड खडक आहे आणि त्यावरून ऊन पाणी वाहतं, तोच देव. आजही तिथं अनवाणी जायचं असतं, छायाचित्र काढायचं नसतं. तिथं जे पाहिलं ते बाहेर सांगायचं नाही, असा जुना दंडक. वाटेतल्या प्रत्येक दगडावर लिहिणाऱ्या बाशोनं इथं लेखणी खाली ठेवली. मीही तिथलं याहून अधिक सांगत नाही. एवढंच, की त्या पायवाटेवरच ताईच्या गुडघ्यानं पहिली कुरकुर केली आणि ती तिनं माझ्यापासून लपवली.

किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेला येत बाशो कानाझावाला पोचला. तिथं इस्शो नावाचा एक तरुण कवी त्याची वाट पाहत असेल अशी त्याची कल्पना होती. दोघांची भेट कधी झालेली नव्हती. पोचल्यावर कळलं की तो आदल्याच हिवाळ्यात वारला. बाशो त्याच्या थडग्यापाशी गेला. सेनगिनच्या मृत्यूला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती. वाट पाहणारा माणूसच उरला नाही, हे दुःख त्याला नवं नव्हतं.

तिथून तो यामानाकाला आला आणि आठ रात्री राहिला. इतक्या मोठ्या प्रवासात असा निवांतपणा त्याला थोड्याच ठिकाणी मिळाला. उतारा होता इझुमिया नावाच्या घरी आणि घरमालक होता चौदा वर्षांचा पोर, कुमेनोसुके. बाशोनं त्या पोराला शिष्य करून घेतलं आणि तोयो हे कवीचं नाव दिलं. गावाखालून दाइशोजी नदीची घळ जाते. घळीवरच्या लाकडी पुलावर मी संध्याकाळी उभी राहिले. खाली हिरवं पाणी, काठावर मेपलची पानं नुकती तांबडी व्हायला लागलेली. बाशोला ही घळ फार आवडली होती म्हणतात.

इथंच सोरानं सांगितलं की आपल्याला पोटाच्या दुखण्यानं पुढे चालवत नाही, आपण नागाशिमाला नातेवाइकांकडे जातो. चार महिने रोज बरोबर चाललेला माणूस. जपानी यात्रेकरूंच्या टोपीवर ‘दोघे बरोबर’ अशा अर्थाची अक्षरं लिहिण्याची रीत आहे. ती आता पुसायची, या जाणिवेवर बाशोनं त्या वेळी हायकू रचला. सोरानं तक्रार केली नाही, गुरूनं त्याला अडवलं नाही. बाशोच्या पुस्तकात पुढे असं आहे की सोरा ज्या देवळात रात्री झोपला, त्याच देवळात दुसऱ्या रात्री बाशो झोपला. दोघांत अंतर एका रात्रीचं, पण ते चालून मिटणारं नव्हतं.

मला पुलावर आठवत होतं ते कानाझावाचं स्टेशन. बाशोनं जाणाऱ्या माणसाचं दुखणं पाहिलं. मी माझा मोडलेला बेत पाहिला.

पुढचा काही भाग एका शिष्याच्या सोबतीनं आणि मग थोडा खरोखरच एकट्यानं चालून बाशो ओगाकीला पोचला. सुमारे दीडशे दिवस, सुमारे २४०० किलोमीटर. ओगाकीला शिष्य जमले होते, आणि इसेहून सोराही आला होता. बरा होऊन, गुरूला भेटायला. काही दिवसांत बाशो इसेच्या देवस्थानाकडे जायला होडीत बसला, तेव्हा सोरा बरोबर होता.

या प्रवासाचं पुस्तक त्यानं पुढची कितीतरी वर्षं घासूनपुसून लिहिलं. ‘ओकु नो होसोमिचि’, म्हणजे आतल्या मुलखाची अरुंद वाट. ते छापून निघालं १७०२ साली, बाशोच्या मृत्यूनंतर. सोराची टिपणवही तर १९४३ साली प्रसिद्ध झाली आणि तेव्हा कळलं की बाशोनं तारखा आणि प्रसंग बरेच हलवले आहेत. पण एक गोष्ट दोन्हीकडे तीच आहे. यामानाकाला सोरा निघून गेला.

१६९४ साली दोन शिष्यांचं भांडण मिटवायला बाशो आजारी असतानाच ओसाकाला गेला. तिथंच २८ नोव्हेंबरला, पन्नासाव्या वर्षी, शिष्यांच्या गराड्यात त्यानं प्राण सोडला. त्याच्या इच्छेप्रमाणे शिष्यांनी देह होडीतून नदीच्या वाटेनं नेला आणि बिवा सरोवराकाठी ओत्सु इथल्या गिचूजी देवळात पुरला. सोराही १७१० साली घरापासून दूर, इकी बेटावर, प्रवासातच वारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किकु नो यूच्या पाण्यात पुन्हा उतरले. मग बाहेर येऊन ताईला फोन केला. क्षमा कशी मागावी ते सुचेना, म्हणून नुसतीच बोलत राहिले. तिनं पहिला प्रश्न विचारला तो पाणी किती कढत होतं हा. यामानाकाची लाखकामाची भांडी प्रसिद्ध आहेत. तिथून मी दोन वाडगे घेतले, एक तिला आणि एक मला.

बेताप्रमाणे पुढचा मुक्काम ओगाकी होता. मी तिथं गेले नाही, सरळ तोक्योची गाडी धरली. ताईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, आता ती जिना चढते. ओगाकी आम्ही दोघींसाठी ठेवलं आहे.