मंद ठरलेला मुलगा, प्रकाशाचा वैद्य

शाळेच्या दप्तरात उमटलेला शेरा पुष्कळदा विद्यार्थ्याची पाठ जन्मभर सोडीत नाही. डेन्मार्कमधील हर्लुफ्सहोम येथील निवासी शाळेच्या मुख्याध्यापकांनी नील्स रीबर्ग फिन्सेन या विद्यार्थ्याविषयी असाच एक शेरा दिला होता. मुलगा मनाचा चांगला, परंतु कुवत बेताची आणि उत्साहही कमी, असा त्याचा आशय. याच मुलाला १९०३ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि मुख्याध्यापकांची चूक दाखविणे एवढेच या चरित्राचे महत्त्व नव्हे. निरुत्साहाचे कारण माणसाच्या स्वभावातच असते काय, हा प्रश्न ते उपस्थित करते.

फिन्सेन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी फेरो बेटांवरील तोर्सहाव्न येथे, मूळच्या आइसलँडच्या घराण्यात झाला. वडील सरकारी अधिकारी होते. आई नील्स चार वर्षांचा असतानाच वारली. ही बेटे ६२ उत्तर अक्षांशावर असून डिसेंबरात तेथे दिवस जेमतेम पाच तासांचा असतो. डेन्मार्कमध्ये न रमलेल्या नील्सला १८७६ मध्ये रेक्याविक येथे, वडिलांच्या जुन्या शाळेत धाडण्यात आले. तेथेही त्याने काही चमक दाखविली नाही. शेवटच्या परीक्षेत पंधरा जणांत तो अकरावा आला. पुढे १८८२ मध्ये त्याने कोपनहेगनला वैद्यकाचे शिक्षण सुरू केले आणि १८९० मध्ये तो पदवीधर झाला.

विद्यार्थिदशेतच त्यांना एका असाध्य दुखण्याने गाठले. यकृत, प्लीहा आणि हृदय यांवर परिणाम करणाऱ्या या रोगाने त्यांची शक्ती हळूहळू हिरावून घेतली. त्यांचे बिऱ्हाड उत्तराभिमुख होते आणि घरात ऊन येत नसे. अंगातील थकवा आणि रक्तक्षय पाहून, आपल्याला उन्हाची गरज असावी असे त्यांना वाटू लागले. छपरावर बसलेले मांजर सावली पुढे सरकली की पुन्हा उन्हात जाऊन बसते, हे त्यांनी खिडकीतून टिपले होते. ज्याकडे इतरांनी लक्षही दिले नसते, त्यातून त्यांना संशोधनाचा विषय मिळाला.

१८९३ मध्ये त्यांनी देवीच्या रोग्यांना लाल प्रकाशात ठेवण्याचा उपाय सुचविला. तो काळाच्या कसोटीस उतरला नाही. परंतु क्षयजंतूंमुळे चेहऱ्याची त्वचा कुरतडून टाकणाऱ्या रोगावर १८९५ मध्ये त्यांनी विजेच्या कार्बन दिव्याचा प्रखर प्रकाश भिंगांतून एकवटून सोडला आणि त्यास यश आले. १८९६ मध्ये कोपनहेगन येथे त्यांची प्रकाशोपचार संस्था उभी राहिली. १९०१ पर्यंत तेथे या रोगाच्या ८०४ रोग्यांवर उपचार झाले आणि त्यांपैकी ८३ टक्के बरे झाले. समाजात तोंड दाखविणे ज्यांना अशक्य झाले होते, अशी ही माणसे होती. नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा फिन्सेन चाकांच्या खुर्चीला खिळलेले होते. २४ सप्टेंबर १९०४ रोजी, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

फिन्सेन यांचा हा उपचार त्वचेचा होता, मनाचा नव्हे. प्रकाशाचा मनाशी असलेला संबंध शास्त्रीय रीतीने मांडला जाण्यास १९८४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या विषण्णतेचे वर्णन केले आणि तीवर प्रखर प्रकाशाचा उपाय सांगितला. आज रूढ असलेली पद्धत म्हणजे सकाळी सुमारे अर्धा तास १०,००० लक्स तीव्रतेच्या दिव्यासमोर बसणे. हा प्रकाश त्वचेवर नव्हे, तर डोळ्यांवाटे मेंदूतील कालचक्रावर काम करतो. पौगंडावस्थेत हे चक्र निसर्गतःच उशिराकडे सरकते, झोप उशिरा येते आणि सकाळची शाळा मात्र थांबत नाही. सकाळचा प्रकाश ते चक्र मागे ओढतो. मुलांवरील प्रयोग प्रौढांवरील प्रयोगांच्या मानाने थोडे आहेत, हे खरे. शिवाय प्रकाश म्हणजे सर्वरोगहारी मात्रा नव्हे. उन्माद आणि विषण्णता आलटूनपालटून येणाऱ्या रुग्णात तो उन्मादास निमंत्रण देऊ शकतो. म्हणून हा उपचार वैद्याच्या देखरेखीखालीच व्हावयास हवा.

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत सूर्यप्रकाश हे मुक्त वस्तूचे ठरलेले उदाहरण असते. परंतु खोलीतील दिव्याखाली जेमतेम काहीशे लक्स प्रकाश मिळतो, तर उघड्यावर ढगाळ दिवशीही हजारो. ज्या मुलाचा सारा दिवस वर्गात आणि संध्याकाळ शिकवणीत जाते, त्याच्यापुरती ही मुक्त वस्तू दुर्मीळच होते. मग त्याच्या प्रगतिपुस्तकावर आळशी असा शेरा मारणे सोपे असते. तो मारण्यापूर्वी त्याची झोप कितीशी होते, दिवसाचा उजेड त्याला किती मिळतो आणि त्याचे मन कशाने झाकोळले आहे, याची चौकशी शिक्षकाने आणि पालकाने करावी. हर्लुफ्सहोमच्या मुख्याध्यापकांनी मुलाची कुवत मोजली. त्याच्या खिडकीतून ऊन येते की नाही, हे पाहण्याचे काम पुढे त्या मुलालाच करावे लागले.