हर्मन हॉलरिथ (१८६०–१९२९)

संगणकाच्या ‘सी’ भाषेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांस ‘स्ट्रक्ट’ या रचनेची ओळख लवकरच होते. एकाच वस्तूसंबंधींची, परंतु निरनिराळ्या प्रकारची माहिती एकत्र बांधून ठेवण्याची ही युक्ति होय. ही भाषा डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत रचिली. तथापि आधीं कप्पे आखावे व मग ते भरावे, ही कल्पना तिच्याहून पुष्कळ जुनी आहे. ती ज्यांनीं यंत्राच्या उपयोगीं आणिली, त्या हर्मन हॉलरिथ यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

हॉलरिथ यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० रोजीं अमेरिकेंतील बफलो शहरीं झाला. आईबाप जर्मनीहून आलेले होते. शाळेंत शब्दांच्या वर्णलेखनाचें त्यांस मोठें भय वाटे, आणि कांहीं काळ त्यांस घरींच शिकवावें लागलें, असें सांगतात. तरी त्यांनीं हिंमत सोडली नाहीं. वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, १८७९ सालीं, त्यांनीं कोलंबिया येथें खाणविद्येची पदवी मिळविली व लगेच ते १८८० च्या शिरगणतीच्या कामावर रुजू झाले. तेथें कारकून हातानें खुणा करून माणसें मोजीत, आणि तें काम वर्षानुवर्षें चाले. हें काम यंत्रानें व्हावें, ही सूचना डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज यांनीं त्यांस केली.

प्रथम त्यांनीं कागदाच्या लांब पट्टीवर छिद्रें पाडून पाहिलीं. परंतु पट्टींतून एकाच माणसाची माहिती वेगळी काढितां येईना. आगगाडीचा कंडक्टर तिकिटावर छिद्रें पाडून प्रवाशाचें वर्णन नोंदवितो, हें त्यांनीं पाहिलें होतें. त्यावरून प्रत्येक माणसाचें एक कार्ड ठरलें. वय, लिंग, जन्मस्थान, धंदा यांच्या जागा सर्व कार्डांवर सारख्याच. यंत्राच्या सुया छिद्रांतून खालच्या पाऱ्यांत उतरत, विजेचें मंडळ पुरें होई, तबकडीचा कांटा पुढें सरके व नोंद नीट झाल्याची घंटा वाजे.

‘स्ट्रक्ट’चें इंगितही हेंच आहे. घोषणा करितांना कप्प्यांचीं नांवें व प्रत्येकांत कोणत्या जातीची किंमत राहील, एवढेंच सांगावयाचें. तें कोरें कार्ड होय. शेवटच्या महिरपी कंसानंतर अर्धविराम मात्र विसरूं नये. पुढें त्या नमुन्याचा चल निर्माण करून महिरपी कंसांत किंमती दिल्या, कीं कार्ड भरलें. या किंमती घोषणेच्या क्रमानेंच बसतात. वय व मुलांची संख्या हे दोन्ही पूर्णांकच. त्यांची अदलाबदल झाली तर यंत्र हूं कीं चूं करीत नाहीं, आणि गृहस्थास चाळीस मुलें होतात! म्हणून १९९९ च्या प्रमाणापासून टिंब व कप्प्याचें नांव लिहून किंमत देण्याची सोय झाली. कांहीं किंमती देऊन बाकीच्या सोडल्या, तर तेथें शून्य येतें. परंतु फलनाच्या आंत साध्या रीतीनें निर्मिलेल्या चलास मुळींच किंमत न दिल्यास त्यांत काय असेल याचा भरंवसा नसतो.

१८८९ सालीं हॉलरिथ यांस पेटंट मिळालें, व स्पर्धेंत त्यांचीच पद्धति सरस ठरली. १८९० च्या शिरगणतींत ६ कोटी २६ लाखांहून अधिक लोकांची गणना त्यांच्या यंत्रांनीं केली, आणि एकूण आंकडा त्याच वर्षीं जाहीर झाला. १८९६ सालीं त्यांनीं स्वतःची कंपनी काढिली. पुढें यंत्रांच्या भाड्यावरून शिरगणतीच्या खात्याशीं तंटा झाला. ते नमले नाहींत, आणि १९१० च्या गणतीसाठीं खात्यानें स्वतःचीं यंत्रें करविलीं. ज्या कामासाठीं यंत्र जन्मलें, तेंच काम हातचें गेलें! १९११ सालीं त्यांची कंपनी इतर कंपन्यांत विलीन झाली. तिलाच १९२४ पासून आय. बी. एम. म्हणूं लागले. १७ नोव्हेंबर १९२९ रोजीं वॉशिंग्टन येथें हॉलरिथ निवर्तले.

वर्णलेखनांत मागें पडणाऱ्या मुलास मंदबुद्धि म्हणण्यापूर्वीं पालकांनीं हें चरित्र आठवावें. विद्यार्थ्यांनींही एवढें ध्यानांत धरावें कीं, यंत्र कितीही वेगवान असलें तरी कप्पा कोणता व त्यांत काय घालावयाचें, हा विचार माणसानेंच करावयाचा असतो.