ताराबाई मोडक
ताराबाई मोडक (जन्म : मुंबई, १९ एप्रिल १८९२, मृत्यू : ३१ ऑगस्ट १९७३) या भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत्या. 'अंगणवाडी' ही कल्पना त्यांच्या कार्यातून पुढे आली.

==जीवन==
ताराबाईंचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थनासमाजिस्ट होते. ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी झालेला त्यांचा विवाह टिकला नाही व १९२१ मध्ये त्या विभक्त झाल्या. त्या काळी सुशिक्षित स्त्रीलाही हे पाऊल सोपे नव्हते. पुढे त्यांनी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले.

==बालशिक्षणकार्य==
भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका माँटेसरी पद्धतीवर बालमंदिर चालवीत होते. ताराबाई त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या 'शिक्षणपत्रिके'च्या मराठी आवृत्तीचे संपादन त्यांनी केले. मुलाला धाक व शिक्षा न करता, गोष्टी, गाणी, खेळ आणि हाताने करावयाची कामे यांतून शिकू द्यावे, हा विचार या मासिकामुळे मराठी पालक-शिक्षकांपर्यंत पोहोचला. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले.

माँटेसरीची साधने मात्र महाग होती, त्यामुळे हे शिक्षण शहरी सुस्थित घरांपुरतेच राहत होते. खेड्यातील गरिबाच्या मुलाला ते कसे मिळावे, हा प्रश्न घेऊन ताराबाई १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे गेल्या. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ याच वेळी त्यांना सहकारी म्हणून लाभल्या. शंख-शिंपले, बिया, पाने, माती अशा परिसरातील वस्तूच येथे शैक्षणिक साधने झाल्या.

गावात बालवाडी उघडली तरी दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकत नसत. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत जाऊन एखाद्या घराच्या अंगणात मुलांना जमवू लागल्या. मुलांची अंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे हाही शिक्षणाचाच भाग मानला जाई. यालाच अंगणवाडी हे नाव मिळाले.

१९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये नेण्यात आले. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. धाकटे भावंड सांभाळावे लागते म्हणून मोठ्या मुलीची शाळा सुटे. पाळणाघरामुळे ती अडचण दूर झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली जाई, तिला कुरणशाळा म्हणत.

==सन्मान आणि नंतरचा काळ==
भारत सरकारने १९६२ साली त्यांना पद्मभूषण पुरस्काराने गौरविले. त्यांच्या निधनानंतर कोसबाडचे काम अनुताई वाघ यांनी पुढे चालविले. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव देण्यात आले.