पालवणकर बाळू : मैदानावरचा एक उपेक्षित वीर

क्रिकेटचा विषय निघाला की आपण गावस्कर, तेंडुलकरांची नावे घेतो. पण त्यांच्या कितीतरी आधी इंग्लंडच्या मैदानांवर नाव कमावणाऱ्या एका मराठी गोलंदाजाची आठवण फार थोड्यांना असते. त्यांचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीला होते. घरच्या गरिबीमुळे शाळा लवकर सुटली. पुण्याच्या पारशी क्लबात खेळपट्टी झाडणे व रोलर फिरवणे या कामाचे त्यांना महिना तीन रुपये मिळत. पुढे युरोपियनांच्या क्लबात ते चार रुपयांवर लागले. तेथे साहेब लोक त्यांना गोलंदाजीला बोलावीत. बॅट मात्र कधी हातात देत नसत. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तासन् तास त्यांच्या चेंडूंवर सराव करी. त्यातूनच हा डावखुरा फिरकी गोलंदाज घडला.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते. जात आडवी आली, पण बळी तर हवे होते! म्हणून बाळूंना संघात घेतले. मैदानात सर्वांचा चेंडू एकच. चहाच्या वेळी मात्र बाळू तंबूबाहेर, हातात मातीचे भांडे. जेवणाचे पानही वेगळे.

१८९६ च्या प्लेगनंतर ते मुंबईस आले व हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांवर १०९ धावांनी विजय मिळवला. त्यात बाळूंचे आठ बळी होते आणि धाकटे बंधू शिवरामही संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण एकट्या बाळूंनी ११४ बळी घेतले.

एवढे करूनही संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. या अन्यायाविरुद्ध १९२० साली त्यांच्या भावांनी संघातून अंग काढून घेतले. अखेर १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले व त्यांनी संघाला विजय मिळवून दिला.

तरुण वयात डॉ. आंबेडकरांना बाळूंचा अभिमान वाटे. पुढे मतभेद झाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व हरले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

माझे आजोबा सांगत, त्यांच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचा कप बाहेर खिळ्याला टांगलेला असे. चहा पिऊन तो आपणच धुवायचा. आज आमच्या घरातला पहिला मुलगा म्हणून मी कॉलेजच्या कँटीनमध्ये मित्रांबरोबर एकाच टेबलावर चहा पितो. त्या वेळी तंबूबाहेर उभे असलेले बाळू मला आठवतात. त्यांनी बळी घेतले ते केवळ फलंदाजांचे नव्हते, एवढेच मला म्हणावेसे वाटते.

— द्वितीय वर्ष, कला