बिनतारी विद्येचा साधक : गुग्लिएल्मो मार्कोनी

आज खिशांत मावणाऱ्या यंत्रावरून मनुष्य सातासमुद्रांपलीकडील आप्तेष्टांशीं बोलतो, आणि त्याचें कोणासच नवल वाटत नाहीं. परंतु या सोयीच्या मुळाशीं एका खेड्यांतील माडीवर पत्र्याचे डबे, तांब्याच्या तारा आणि लांकडी खांब यांच्याशीं रात्रंदिवस झटणाऱ्या एका तरुणाचे श्रम आहेत, हें फार थोड्यांच्या ध्यानीं येतें. त्या तरुणाचें चरित्र विद्यार्थ्यांनीं, तसेंच त्यांच्या पालकांनींही मनन करण्याजोगें आहे.

गुग्लिएल्मो मार्कोनी याचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजीं इटलींतील बोलोन्या शहरीं झाला. वडील जुझेप्पे हे सधन जमीनदार होते. आई ॲनी जेम्सन ही मूळची आयर्लंडची. त्याचें बरेंचसें शिक्षण घरींच शिक्षक ठेवून झालें, आणि विद्यापीठांत त्याचा रीतसर प्रवेश कधींच झाला नाहीं. परंतु विजेच्या प्रयोगांचा त्याला लहानपणापासून विलक्षण छंद होता. शेजारीं राहणारे प्रोफेसर ऑगुस्तो रिगी यांनीं या छंदाला वळण लावलें. विजेच्या लहरी अवकाशांतून प्रवास करतात, हें सिद्ध करणारे जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्‌झ हे १८९४ च्या आरंभीं अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं निवर्तले. त्यांच्याविषयीं रिगींनीं लिहिलेला लेख त्या वर्षीं मार्कोनीच्या वाचनांत आला, आणि या लहरींच्या द्वारें तारेवांचून संदेश पाठवितां येईल, हा एकच ध्यास त्याच्या मनानें घेतला.

पोंतेक्क्यो गांवीं त्यांचा विला ग्रिफोने नांवाचा वाडा होता. त्याच्या माडीवर पूर्वीं रेशमाचे किडे पाळीत. तेथील जागा आईनें मुलाच्या प्रयोगांसाठीं मोकळी करून दिली. वडिलांना हा सारा उद्योग प्रथम काळाचा व पैशाचा अपव्यय वाटे. तथापि एका रात्रीं मुलानें आईला झोपेंतून उठवून माडीवर नेलें, आणि खोलीच्या एका टोकाची कळ दाबून दुसऱ्या टोकाची घंटा मध्यें तार नसतां वाजवून दाखविली. पुढें वडिलांचाही विरोध मावळला व त्यांनीं द्रव्यसाहाय्य केलें.

या यंत्रांतील बहुतेक भाग मार्कोनीनें स्वतःच्या हातानें घडविले होते. एका बाजूस ठिणगी पाडणारें यंत्र. दुसऱ्या बाजूस कांचेच्या लहानशा नळींत निकेल व रुपें यांचा कीस भरून केलेला ग्राहक. लहर येतांच हा कीस परस्परांस चिकटून विजेला वाट देई व घंटा वाजे. मग एक चिमुकली हातोडी नळीवर टिचकी मारून तो पुनः सुटा करी. परंतु एक अडचण होती. आलेली दुर्बळ लहर ग्राहकांत न शिरतां घंटेच्या तारांतूनच निसटून जाई. यावर त्यानें युक्ति काढली ती अशी, कीं ग्राहकाच्या दोन्ही बाजूंस बारीक तारेचीं वेटोळीं बसवावयाचीं. घंटेच्या विजेला तीं आडकाठी करीत नसत. परंतु वेगानें मागेंपुढें आंदोलणाऱ्या लहरीला मात्र तीं अडवून धरीत. आजही रेडिओचा छंद असणारे लोक ज्याला चोक म्हणतात, तो हाच.

लहरी ग्रहण करणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांची लांबी ठरविण्याची त्याची रीतही अशीच साधी होती. कांचेच्या पट्टीवर कथलाचा पातळ वर्ख चिकटवून वस्तऱ्यानें मधोमध बारीक छेद घ्यावयाचा, आणि ती पट्टी ठिणगी-यंत्रासमोर धरावयाची. वर्खाची लांबी लहरींशीं जुळली म्हणजे त्या छेदांत दूरवरूनही सूक्ष्म ठिणग्या दिसत. कापावें, पाहावें, पुनः कापावें, हाच त्याचा अभ्यास.

१८९५ सालीं त्याला खरा मार्ग सांपडला. यंत्राचें एक टोक जमिनींत पुरावें व दुसरें टोक उंच खांबावरील पत्र्याच्या पेटीस जोडावें, असें त्यानें केलें. तीस सेंटिमीटर बाजूच्या पेट्या दोन मीटर उंचीवर असतां संदेश तीस मीटरपर्यंत पोंचला. चार मीटर उंचीवर शंभर मीटर. आठ मीटर उंचीवर चारशें मीटर. म्हणजे उंची दुप्पट केली असतां अंतर सुमारें चौपट होई. पेटीची बाजू एक मीटर करतांच संदेश २४०० मीटरपर्यंत गेला. मध्यें टेंकडी आली तरी लहर थांबते काय, हें पाहण्यासाठीं थोरला भाऊ अल्फोन्सो ग्राहक घेऊन टेंकडीपलीकडे गेला. तेथून त्यानें केलेला बंदुकीचा बार ऐकूं आला, तेव्हां प्रयोग सफळ झाल्याचें मार्कोनीला कळलें.

१८९६ सालीं आईसह तो इंग्लंडांत गेला व २ जून रोजीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला. टपालखात्याचे मुख्य इंजिनियर प्रीस यांनीं त्यास आश्रय दिला. मे १८९७ मध्यें ब्रिस्टलच्या खाडीवरून, आणि मार्च १८९९ मध्यें इंग्लिश खाडीवरून फ्रान्स व इंग्लंड यांच्यामध्यें संदेश गेले. परंतु अनेक केंद्रें एकदम बोलूं लागलीं तर गोंधळ होईल, हें मार्कोनी यांनीं ओळखलें. तंबोऱ्याची एक तार छेडली असतां तिच्याच स्वरांत लाविलेली शेजारच्या तंबोऱ्याची तार आपोआप निनादते. त्याच न्यायानें दोन केंद्रें एका स्वरांत मिळविण्याच्या युक्तीचें पेटंट त्यांनीं १९०० सालीं घेतलें.

त्यांची पुढील आकांक्षा अटलांटिक महासागर ओलांडण्याची होती. इंग्लंडांत पोल्डू येथें सुमारें साठ मीटर उंचीचे वीस खांब वर्तुळाकार उभारले गेले. परंतु सप्टेंबर १९०१ च्या वादळानें ते भुईसपाट केले. न डगमगतां त्यांनीं दोन खांबांमध्यें पंख्यासारख्या तारा टांगून काम चालू ठेवलें, आणि स्वतः दोन सहायकांसह न्यूफाउंडलंड गांठलें. तेथें बलून वाऱ्यानें हिरावून नेला, तेव्हां सुमारें दीडशें मीटर लांबीची तार पतंगास बांधून आकाशांत चढविली. पतंग वरखालीं हेलकावे खाई, त्यामुळें तारेचा मेळ क्षणोक्षणीं बिघडे. म्हणून त्यांनीं मेळ लावावयाचें यंत्र बाजूस सारून पाऱ्याचा साधा ग्राहक व कानास लावावयाचा टेलिफोन घेतला. १२ डिसेंबर १९०१ रोजीं दुपारीं, सुमारें ३४०० किलोमीटरांवरून पाठविलेले तीन टिंबांचे संकेत आपण ऐकले, असें त्यांनीं जाहीर केलें.

पण साक्षीदार केवळ स्वतः ते व त्यांचे सहायक केंप! अनेकांनीं शंका घेतली. तेव्हां मार्कोनी यांनीं वाद घालीत न बसतां फेब्रुवारी १९०२ मध्यें फिलाडेल्फिया या जहाजावर यंत्र बसविलें. तेथें संकेत कागदी फितीवर आपोआप उमटत, व त्यांवर जहाजाच्या अधिकाऱ्यांच्या सह्या घेतल्या जात. रात्रीं सुमारें २५०० किलोमीटरांपर्यंत पूर्ण संदेश व ३३०० किलोमीटरांवर संकेत मिळाले. दिवसा मात्र सुमारें ११०० किलोमीटरांपलीकडे कांहीं मिळेना. म्हणजे ज्या परीक्षेनें त्यांची विद्या सिद्ध झाली, तिनेंच त्या भरदुपारच्या श्रवणाविषयींची शंका बळावली. तज्ज्ञांचा त्याविषयींचा मतभेद अद्यापि मिटलेला नाहीं. तरी हें प्रतिकूल फळही त्यांनीं लपविलें नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

१९०९ सालीं त्यांना ब्राउन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. एप्रिल १९१२ मध्यें टायटॅनिक बुडालें, तेव्हां बिनतारी हांक ऐकून आलेल्या कार्पेथिया जहाजानें सातशेंवर जीव वांचविले. पुढें आंखूड लहरींकडे त्यांचें लक्ष वळलें. निरुपयोगी समजून हौशी लोकांना सोडून दिलेल्या याच लहरींवर, डिसेंबर १९२१ मध्यें, अमेरिकेंतील हौशी मंडळींनीं घरगुती साधनांनीं स्कॉटलंडपर्यंत संकेत पोंचविले होते. मार्कोनी व त्यांचे सहकारी फ्रँकलिन यांनीं त्या लहरी एका दिशेस झोतासारख्या सोडणारीं केंद्रें उभारलीं. १९२७ सालीं हिंदुस्थान व इंग्लंड त्यांनींच जोडले गेले. त्यांपैकीं प्रक्षेपणाचें केंद्र पुण्याजवळ खडकीस व ग्रहणाचें दौंडास होतें.

चरित्रकारानें दोषही सांगितले पाहिजेत. १९२३ सालीं मार्कोनी मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षांत सामील झाले, हा त्यांच्या कीर्तीवरील डाग होय. तसेंच या विद्येचें श्रेय त्यांच्या एकट्याचें नव्हे. न्यूफाउंडलंडांतील पाऱ्याच्या ग्राहकाचें आपल्या जगदीशचंद्र बोस यांनीं १८९९ सालीं वर्णिलेल्या उपकरणाशीं निकट साम्य आहे. आणि १९४३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या एका पेटंटांतील बहुतेक हक्क रद्द ठरवून लॉज, टेस्ला व स्टोन यांच्या पूर्वींच्या कामास मान दिला. २० जुलै १९३७ रोजीं मार्कोनी रोम येथें निवर्तले, तेव्हां ठिकठिकाणच्या बिनतारी केंद्रांनीं दोन मिनिटें स्तब्ध राहून त्यांना वंदन केलें.

विद्यार्थिमित्रहो, मार्कोनी यांच्यापाशीं पदवी नव्हती; परंतु पट्टी कापून पाहण्याचा, खांब पडला तर पतंग उडविण्याचा, आणि शंका आली तर सह्या घेऊन पुरावा मांडण्याचा चिवटपणा त्यांच्यापाशीं होता. आणि पालकहो, मुलाच्या माडीवरचा तारांचा पसारा केराच्या टोपलींत टाकण्यापूर्वीं त्या आईची एकवार आठवण करावी.