फर्स्ट इयर नापास, 32व्या वर्षी नोबेल!

केटी लागली म्हणून तोंड पाडून बसला असाल तर फ्रेडरिक बँटिंगला भेटा. कॅनडाचा हा पोरगा टोरंटोत फर्स्ट इयरलाच नापास झाला होता. मग मेडिकल केलं, पहिल्या महायुद्धात जखमी झाला, परत येऊन दवाखाना थाटला तर पहिल्या महिन्याची कमाई फक्त 4 डॉलर!

आज ज्याला आपण टाइप वन डायबेटिस म्हणतो, तो झालेल्या मुलांना तेव्हा डॉक्टर अक्षरशः उपाशी ठेवायचे. तेवढेच थोडे दिवस वाढायचे. आणि हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही बरं का! शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. टाइप टूमध्ये इन्सुलिन बनतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही.

1921च्या उन्हाळ्यात बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट कुत्र्यांवर प्रयोग करत स्वादुपिंडाच्या अर्कामागे लागले. जानेवारी 1922मध्ये 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला तो टोचला. पहिला प्रयत्न फसला. जेम्स कॉलिपने अर्क शुद्ध केला, 12 दिवसांनी पुन्हा दिला, आणि साखर उतरली! लिओनार्ड बरा झाला नाही, इंजेक्शनं सुटली नाहीत. पण तो आणखी 13 वर्षं जगला.

1923चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउडला मिळालं. बेस्टला वगळलं म्हणून बँटिंग भडकला आणि आपले अर्धे पैसे त्याला देऊन टाकले. पेटंटवर स्वतःचं नाव घालायला तर तो सुरुवातीला तयारच नव्हता. 1941मध्ये विमान अपघातात तो गेला, तेव्हा जेमतेम 49चा होता. 14 नोव्हेंबर हा त्याचा वाढदिवस. आपल्याकडे त्या दिवशी बालदिन असतो, जगभर डायबेटिस दिन.