रुपेरी प्रकाशाचे उपासक : दादासाहेब फाळके

बडोद्यातील खंडेराव मार्केटची भव्य वास्तू १९०६ साली उभी राहिली. तेथून जवळच असलेले कलाभवन त्याहून जुने. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी ते १८९० साली स्थापन केले. या संस्थेच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत धुंडिराज गोविंद फाळके हे एक होते. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते बडोद्यास बंधूंकडे आले आणि चित्रकलेइतकीच छायाचित्रणातही त्यांना गोडी लागली.

कलाभवनाचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी फाळके यांना तिरंगी ठसे करण्याची विद्या शिकण्यास रतलामला धाडले आणि पुढे कलाभवनाची प्रयोगशाळा त्यांना वापरू दिली. प्रकाश व धातू यांचे अद्भुत नाते तेथे त्यांच्या नित्य परिचयाचे झाले. घासलेले चांदीचे ताम्हन प्रकाश परतवते, म्हणून ते चकाकते. छायाचित्राच्या काचेवर मात्र प्रकाश पडलेल्या जागी, रसायनांच्या क्रियेने, तीच चांदी केसाहून कितीतरी सूक्ष्म तंतूंचा गुंता होऊन बसते. त्यात शिरलेला प्रकाश आतल्या आत शोषला जातो आणि शुभ्र चांदी काळी दिसते. धातू तोच, केवळ घडण निराळी! अब्जांश मीटरच्या मापाने धातूंचे पृष्ठभाग घडवणाऱ्या आजच्या विज्ञानाचेही मूळ सूत्र हेच आहे.

या विद्येने त्यांना सुख मात्र सहजी दिले नाही. गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला, तोच प्लेगने पत्नी व अपत्य हिरावून नेले. बडोद्यास परतले, तर छायाचित्र काढल्याने आयुष्य घटते या लोकसमजुतीने धंदा बसला. पुढे लोणावळा व दादर येथे त्यांनी मुद्रणालय चालविले. १९०९ साली जर्मनीस जाऊन रंगीत छपाईची यंत्रे पाहिली. भागीदारीतील मतभेदांमुळे तेही सोडावे लागले.

१९११ साली चलच्चित्राने त्यांना वेड लावले. अविश्रांत प्रयोगांनी प्रकाशाच्या या उपासकाची दृष्टीच काही काळ गेली. उपचारांनी ती परत येताच १९१२ साली त्यांनी लंडन गाठले व कॅमेरा आणला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्या फितीवरील प्रत्येक छाया चांदीच्याच सूक्ष्म कणांनी रेखिलेली होती.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांनी देह ठेवला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून देश त्यांना ओळखतो; त्या कीर्तीची पहिली मुळाक्षरे बडोद्याच्या कलाभवनात गिरविली गेली होती.